व्यासपीठ कोणाचे?
मराठी मंडळीतील उपदेशाची वाटणी

रविवारच्या उपासनेत उपदेश कोणी करायचा, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला घरगुती वाटेल. पाळक आहे तर त्याने करावा, तो परगावी गेला असेल तर दुसऱ्या कुणी वेळ निभावून न्यावी. यात संशोधन करण्याजोगे काय आहे? परंतु मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा इतिहास चाळू लागलो की दिसते, या साध्या प्रश्नाभोवतीच बरेच मोठे प्रश्न गोळा झाले आहेत. परदेशी मिशन आणि देशी मंडळी यांचे नाते, पगार आणि स्वाभिमान, जात, स्त्रियांचे स्थान, शिक्षणाचा अधिकार, हे सगळे त्यात येतात. व्यासपीठावर कोण उभा राहतो, यावरून मंडळी स्वतःला काय समजते ते कळते.

हा प्रश्न पाहायला सांगलीजवळचे विश्रामबाग ही सोयीची जागा आहे. सांगली-मिरज रस्त्यावरची, विलिंग्डन आणि वालचंद या महाविद्यालयांमुळे ओळखली जाणारी ही वस्ती. तिच्या एका अंगाला सांगली आणि दुसऱ्या अंगाला मिरज. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने सांगलीत १८८४ साली आणि मिरजेत १८९२ साली ठाणे केले. उत्तरेला साताऱ्याकडे गेले की दुसरेच मिशन लागते. तिथे अमेरिकन मराठी मिशन १८४९पासून होते, आणि त्याची रीत काँग्रिगेशनल पद्धतीची होती. दोन्ही मिशने अमेरिकन, दोन्ही प्रॉटेस्टंट, दोघांचे शास्त्र एक आणि भाषाही मराठीच. तरी मंडळीचा कारभार कोणी पाहायचा आणि वचन कोणी सांगायचे, याबद्दलचे त्यांचे गणित वेगळे होते. सातारा आणि सांगली यांच्यामध्ये अशी एक न दिसणारी शीव होती म्हणा ना.

वडील म्हणजे कोण?

आधी शब्दांचा खुलासा केला पाहिजे. मराठी बायबलात मंडळीच्या जबाबदार माणसांना तीन नावे येतात. 'अध्यक्ष', 'वडील' आणि 'सेवक'. चौथा शब्द 'पाळक', म्हणजे मेंढपाळ, हा नव्या करारात एका यादीत शिक्षकांच्या शेजारी येतो आणि आज तोच सर्वांत रूढ आहे. 'वडील' हा मूळ ग्रीक 'प्रेस्बुतेरोस' या शब्दाचा अनुवाद. घरातल्या बापाला आपण तोच शब्द वापरतो, त्यामुळे बिगरख्रिस्ती वाचकाचा गोंधळ होतो. मंडळीत तीस वर्षांचा माणूसही 'वडील' असू शकतो, आणि त्याचा बाप समोरच्या बाकावर बसलेला असतो. काही मंडळ्यांत याच कामाला 'पंच' म्हणतात. तो शब्द गावगाड्यातून आलेला, आणि त्यात निवाड्याचा वास अधिक आहे.

पहिल्या शतकातल्या मंडळ्यांत एका गावाला एकच पाळक अशी रचना दिसत नाही. पौल आणि बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे, आणि तिथे अनेकवचन आहे. ही रीत यहुदी सभास्थानातून आली होती. सभास्थानात कायमचा वक्ता नसे. वाचन झाल्यावर सभास्थानाचे अधिकारी उपस्थितांपैकी जाणत्या माणसाला बोलण्याची विनंती करीत. नासरेथमध्ये येशूने यशयाच्या ग्रंथातून वाचून बोलायला सुरुवात केली ती याच रिवाजाने, आणि पिसिदियातल्या अंत्युखियात पौलाला निमंत्रण मिळाले तेही याच रिवाजाने. करिंथच्या मंडळीला पौलाने घालून दिलेला नियम तर नेमका वाटणीचाच आहे. दोघा-तिघांनी बोलावे आणि बाकीच्यांनी ते पारखावे. यातला दुसरा भाग नेहमी विसरला जातो. बोलणारे अनेक असतील, तर पारखणारेही जागे असले पाहिजेत.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र एक भेद येतो. चांगला कारभार पाहणारे वडील दुहेरी मानाला पात्र, आणि त्यांतही विशेषकरून वचन व शिक्षण यांत श्रम करणारे. सोळाव्या शतकात जिनिव्हात कॅल्व्हिनने मंडळीची व्यवस्था लिहून काढली, तेव्हा हा भेद पक्का झाला. १५४१च्या त्याच्या नियमावलीत पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार कामे आहेत. पुढे स्कॉटलंड आणि अमेरिकामार्गे तीच रचना प्रेसबिटेरियन म्हणून कोल्हापूर-सांगलीत उतरली. शिकवणारे वडील म्हणजे पाळक, कारभार पाहणारे वडील म्हणजे मंडळीने निवडलेले सभासद, आणि दोघांची मिळून होणारी बैठक म्हणजे 'सेशन'.

शिवेच्या दोन बाजू

काँग्रिगेशनल रीतीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःपुरती पूर्ण असते. ती आपला पाळक स्वतः निवडते, त्याला ठेवते किंवा निरोप देते, आणि तिच्यावर कोणतीही वरची सभा हुकूम चालवत नाही. शेजारच्या मंडळ्यांशी तिचे नाते भावकीचे, सल्लामसलतीचे. अहमदनगरला या मंडळ्यांची वर्षातून एकदा मोठी सभा भरे, तिचे नावच 'ऐक्य' होते.

प्रेसबिटेरियन रीतीत मंडळीच्या वर प्रेसबिटरी असते. तीत पाळकही असतात आणि मंडळ्यांनी पाठवलेले वडीलही असतात. उपदेश करू इच्छिणाऱ्या उमेदवाराची परीक्षा प्रेसबिटरी घेते आणि त्याला उपदेशाचा परवाना देते. परवाना मिळाला म्हणजे तो बोलू शकतो, पण बाप्तिस्मा देणे आणि प्रभुभोजन चालवणे हे पाळकपदाची दीक्षा मिळाल्यावरच. वचन सांगणे आणि संस्कार चालवणे यांत ही जी रेघ ओढलेली आहे, तिच्यावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे. उपदेश वाटता येतो, प्रभुभोजनाचे मेज वाटता येत नाही, असा जवळजवळ सर्वमान्य तोडगा त्यातून निघाला.

कागदावर पाहिले तर काँग्रिगेशनल रीत अधिक मोकळी आणि प्रेसबिटेरियन रीत अधिक शिस्तीची. प्रत्यक्षात दोन्हीकडे एकाच अडचणीने उत्तर ठरवले. मंडळ्या खेड्यापाड्यांत विखुरलेल्या होत्या, दीक्षित पाळक बोटांवर मोजण्याइतके होते, आणि मंडळीकडे पैसा नव्हता.

१८५४ आणि पगाराचा पेच

मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनने अहमदनगरला १८३१ साली काम सुरू केले. त्यानंतर जवळजवळ पाव शतक मंडळीचे पाळकपण मिशनरीच करीत होते. १८५४च्या अखेरीस बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. मंडळीने स्वतःचा खर्च चालवावा, स्वतःचा कारभार पाहावा आणि स्वतःच वाढावे, हे त्रिसूत्र त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. इंग्लंडात चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन याच सुमारास याच निष्कर्षाला आले होते. अँडरसन यांचे म्हणणे असे की देशी पाळक हा मंडळीच्या वाढीचा शेवटचा टप्पा नव्हे, पहिला आहे. त्याच डिसेंबरात अहमदनगरच्या पहिल्या मंडळीवर हरिपंत खिस्ती आणि दुसऱ्या मंडळीवर रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली.

हे पाऊल मोठे होते, पण त्याने दोन गाठी सोडवल्या नाहीत. पहिली जातीची. हे दोन्ही पाळक ब्राह्मण समाजातून आलेले होते, आणि पुढच्या दशकांत अहमदनगरच्या आसपास ज्या खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतले बहुसंख्य सभासद महार आणि मांग समाजातले होते. तिथे उपदेश कोण करणार? उत्तर आले ते शाळेतून. मिशनच्या खेड्यातल्या शाळेचा मास्तर आठवडाभर मुलांना मुळाक्षरे शिकवी आणि रविवारी त्याच खोलीत, त्याच फळ्यापुढे उभा राहून वचन सांगे. पुष्कळ वेळा तो त्याच समाजातला, त्याच्या पिढीत पहिल्यांदा अक्षरओळख झालेला माणूस असे. ज्या समाजाला देवळात पाय ठेवू दिला जात नव्हता आणि पोथी हातात घेण्याचा अधिकार नव्हता, त्याच समाजातला माणूस उभा राहून ग्रंथ वाचतो आणि त्याचा अर्थ सांगतो, या घटनेचे मोल उपदेशाच्या दर्जावरून ठरवता येणार नाही. उपदेशाची वाटणी ही इथे सोय म्हणून सुरू झाली, पण तिने केलेले काम सोयीपेक्षा फार मोठे होते.

दुसरी गाठ पगाराची. मास्तर आणि उपदेशक यांना पगार मिळे तो मिशनकडून. ज्याचा पगार परका देतो, त्याला मंडळी आपला माणूस कशी मानणार, आणि तो तरी मंडळीपुढे उत्तरदायी का राहील? मुंबईत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने हा पेच स्वतःपुरता फार लवकर सोडवला. त्यांनी १८४९ साली मिशनचा पगार घेणे सोडले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे साध्या राहणीत काढली. परंतु मुलेबाळे असलेल्या खेड्यातल्या उपदेशकाला हा मार्ग खुला नव्हता. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. मिशनचा नोकर होऊन पूर्णवेळ उपदेश करायचा, किंवा शेती-मजुरी सांभाळून मंडळीचा बिनपगारी वडील म्हणून उपदेश करायचा. पहिल्या वाटेत शिक्षण होते पण स्वातंत्र्य नव्हते, दुसऱ्या वाटेत स्वातंत्र्य होते पण तयारीला वेळ नव्हता. मराठी मंडळीतला उपदेश आजही या दोन वाटांमध्ये हेलकावे खातो.

कीर्तनाची गादी

उपदेशाची वाटणी ही कल्पना मराठी माणसाला मुळीच परकी नव्हती. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवसांना सात कीर्तनकार असतात आणि शेवटी काल्याचे कीर्तन होते. एकानेच सातही दिवस का केले नाही, असे कुणी विचारत नाही. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात. मान त्या गादीला, आणि उभ्या राहणाऱ्याला तो कीर्तनापुरता उसना मिळतो. आपण ज्याला व्यासपीठ म्हणतो तो शब्दही पुराण सांगणाऱ्याच्या आसनावरूनच आला आहे. तिथेही अधिकार व्यासाचा, बोलणारा निमित्त.

त्याआधीचा एक दाखला गोव्यातला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, आणि साष्टीच्या चर्चांत ते रविवारी आणि सणावारी वाचले-गाइले जाऊ लागले. गाणारा धर्मगुरूच असला पाहिजे असे नव्हते. ज्या चर्चमध्ये उपदेशाचा अधिकार दीक्षितांपुरता कडक होता, तिथेही ओवीच्या वाटेने वचन सामान्य माणसाच्या तोंडी आले. कॅथलिक नियमाने आजही मिस्सेतले प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठीच राखलेले आहे. १९८३च्या धर्मसंहितेत ते स्पष्ट लिहिले आहे. सामान्य भाविकाला इतर प्रसंगी बोलता येते. म्हणजे रेघ तिथेही आहे, फक्त ती थोडी अलीकडे ओढलेली आहे.

अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, आणि नारायण वामन टिळकांनी त्याला अभंगाची गोडी दिली. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादकही झाले. पण मिशनची नोकरी त्यांना सलत राहिली. १९१७ साली त्यांनी ती सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूचे अनुयायी त्यात एकत्र यावेत, पगारी उपदेशकाऐवजी स्वयंस्फूर्त सेवक असावा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराचा प्रयोग त्यांच्यामागे फार टिकला नाही.

तो का टिकला नाही याचे उत्तर आपल्या विषयाला धरून आहे. टिळकांनी पगार आणि उपदेश यांची गाठ सोडली, पण अधिकाराची नवी गाठ बांधायला त्यांना वेळ मिळाला नाही. दरबार एका व्यक्तीच्या तेजावर उभा होता. काँग्रिगेशनल मंडळीचा मुख्य गुण, म्हणजे पाळक गेला तरी मंडळी राहते, तो त्यात नव्हता. सप्ताहाचे सात कीर्तनकार बदलू शकतात, कारण गादी आणि सप्ताह भरवणारे गाव दोन्ही कायम असतात. गाव नसेल तर गादी कुठे ठेवणार?

व्यासपीठाखालच्या उपदेशिका

वाटणीच्या या इतिहासात स्त्रियांचा हिस्सा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी नोंदलेला आहे. मिशनच्या कामात 'बायबल स्त्री' हे पद होते. ज्या घरांत परका पुरुष पाऊल टाकू शकत नव्हता, तिथे या स्त्रिया जात, वाचून दाखवत, समजावून सांगत, आजारपणात बसून प्रार्थना करत. हा उपदेशच होता. पण तो ओसरीवर, माजघरात, विहिरीवर होई, म्हणून त्याला उपदेश म्हणत नसत.

याची सैद्धांतिक बाजू पंडिता रमाबाईंच्या वाट्याला आली. १८८५ साली इंग्लंडात चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला. मुंबई आणि लाहोर इथल्या अँग्लिकन बिशपांनी त्याला हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा परिणाम वाईट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंनी पत्रांतून त्याचा स्पष्ट प्रतिवाद केला. हिंदुस्थानात असताना पुरुषांच्या सभांपुढे पुराण सांगितलेल्या आणि कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळवलेल्या बाईला हा आक्षेप चमत्कारिक वाटला असणार, हे उघड आहे. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात प्रार्थना चालवणाऱ्या, साक्ष देणाऱ्या आणि टोळ्या करून आसपासच्या गावांत वचन सांगायला जाणाऱ्या प्रामुख्याने मुली आणि स्त्रियाच होत्या. परवानगी कुणाची घ्यायची, हा प्रश्न तिथे उठलाच नाही, कारण संस्थाच त्यांची होती.

नव्या करारात याला आधार आहे. अपुल्लोससारख्या वक्त्याला मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला होती, आणि किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून फिबीचे नाव पौलाने घेतले आहे. उलट बाजूला स्त्रीने शिकवू नये असे सांगणारे वचनही त्याच करारात आहे. दोन्ही बाजूंची वचने घेऊन भांडणारे आजही भेटतात. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळू शकते. तरी व्यासपीठावर उभी असलेली बाई पाहिल्यावर चार माना वळतात, हेही खरे आहे.

डॉक्टर, शिपाई आणि वचन

मिरजेच्या बाजूला वाटणीचा आणखी एक नमुना दिसतो. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, आणि १८९४ साली मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. त्यांचे काम शस्त्रक्रियेचे होते. परंतु मिशनच्या इस्पितळात वचन सांगणे ही एका माणसाची जबाबदारी नसे. दवाखाना उघडण्याआधी जमलेल्या रुग्णांपुढे वाचन आणि प्रार्थना होई, वॉर्डांत उपदेशक फिरत, परिचारिका खाटेशी बसून बोलत. बोलणाऱ्याचे बोलणे त्याच्या हातातल्या कामावरून पारखले जाई. जखम नीट न धुणाऱ्याने दयेवर बोललेले कोण ऐकणार?

वाटून घेतलेल्या उपदेशाचा हा फायदा तर्काने मांडता येतो. पूर्णवेळ पाळक मंडळीपेक्षा अधिक शिकलेला असतो, पण तो बाजारात, कारखान्यात, शाळेत रोज उभा राहत नाही. मंडळीतला शिक्षक, परिचारिका, शेतकरी बोलतो तेव्हा त्याच्या शब्दामागे आठवडा उभा असतो. धोकाही इथेच आहे. अनुभव हाच अर्थ समजून त्याने वचनाला आपल्या आठवड्याच्या मापाने कापले, तर ऐकणाऱ्याच्या पदरी आठवणी पडतात, वचन पडत नाही.

एकीकरणानंतर

साताऱ्याची आणि सांगलीची ही दोन गणिते १९२४ साली एका वहीत आली. प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून जे संयुक्त चर्च झाले, ते पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाने ओळखले गेले. त्यानंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात या संयुक्त चर्चबरोबर अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशा परंपरा आल्या. बिशप, प्रेसबिटर आणि डीकन ही तीन दीक्षित पदे मान्य झाली, आणि मंडळीच्या पातळीवर निवडलेल्या सभासदांची पास्टोरेट कमिटी राहिली. या एकीकरणाला सगळ्यांची संमती होती असे नाही. ठिकठिकाणी मतभेद झाले, काही न्यायालयांत गेले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळ्यांचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि त्याचा निकाल २०१३ साली लागला.

या रचनेत उपदेशाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा बदल झाला. प्रेसबिटरची नेमणूक आणि बदली बिशपच्या हाती आली. काँग्रिगेशनल मंडळीत पाळक मंडळीचा होता, आता तो धर्मप्रांताचा झाला. बदलीचा फायदा असा की एका गावात एकाच घराचे वर्चस्व पाळकाच्या आडून वाढत नाही. तोटा असा की पाळकाला माणसे ओळखू येईपर्यंत त्याची पेटी बांधायची वेळ होते. मग मंडळीची स्मृती कोण सांभाळतो? कोणत्या घरात कोण आजारी, कुणाचे कुणाशी बोलणे बंद, कोणत्या वर्षी दुष्काळात हंगामाचा सण कसा पार पडला, हे कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. त्यातच अनेक पास्टोरेटांत एका प्रेसबिटरकडे एकाहून अधिक उपासनास्थळे असतात. रविवारी सकाळी तो एका ठिकाणी प्रभुभोजन चालवतो, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी वचन सांगणारा बहुधा मंडळीतलाच कुणी असतो. एकपाळकी मंडळी आपण कल्पनेत धरून बसलो आहोत. व्यवहारात मराठी मंडळी कायम बहुमुखीच राहिली आहे.

मग पूर्णवेळ पाळकच नको, असे म्हणावे काय? तसे म्हणणारेही आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या प्लिमथ ब्रदरन चळवळीने वेगळा पाळकवर्गच नाकारला. अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांच्यामार्फत ती विचारधारा हिंदुस्थानात लवकर आली. पुढे बख्त सिंग यांच्या चळवळीत, १९४१ साली मद्रासला सुरू झालेल्या मंडळीपासून, वडिलांच्या सामूहिक नेतृत्वावरच भर राहिला. अशा मंडळ्यांची जिद्द आणि वचनाचा अभ्यास वाखाणण्यासारखा आहे. परंतु पद नाही म्हणजे सत्ता नाही, असे होत नाही. लेखी नियम नसले की बोलक्या माणसाचा, पैसेवाल्याचा किंवा मोठ्या घराण्याचा शब्द आपोआप नियम बनतो, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायला जागा उरत नाही.

वाटणीची किंमत

सुधारणावाद्यांना हा धोका ठाऊक होता. झ्विंग्लीने झुरिचमध्ये १५२५ साली सुरू केलेल्या अभ्यासमंडळात पाळक आणि विद्यार्थी एकत्र बसून एकच उतारा हिब्रू, ग्रीक, लॅटिनमधून तपासत आणि मग त्यावर लोकभाषेत उपदेश होई. जिनिव्हात दर शुक्रवारी पाळक पाळीपाळीने उतारा उलगडत आणि बाकीचे त्यावर बोलत, चुका दाखवत. या दोन्ही ठिकाणी सहभाग होता तो तयारीत. आपल्याकडे वाटणी झाली ती बहुधा फक्त उभे राहण्याची. पाळी कुणाची एवढे ठरते. त्याने काय वाचावे, कुणाशी बोलून घ्यावे, आणि बोलून झाल्यावर कुणी पारखावे, हे ठरत नाही. अहमदनगरला १८७८ साली सुरू झालेल्या धर्मशिक्षणाच्या परंपरेतून पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी उभी राहिली आणि पाळकांच्या शिक्षणाची सोय झाली. पण मंडळीत सर्वाधिक रविवार सांभाळणाऱ्या बिनपगारी उपदेशकाच्या शिक्षणाला त्या तोलाची व्यवस्था मिळाली नाही.

तयारीवाचून वाटलेले व्यासपीठ दोन प्रकारे बिघडते. एक, बोलणारा पाठ केलेली वाक्येच पुन्हा बोलतो आणि ऐकणारा झोपतो. दुसरे याहून वाईट. कमिटीच्या निवडणुकीत हरलेला किंवा जिंकलेला माणूस उताऱ्याच्या आडून विरोधकाचे नाव न घेता त्याला टोचतो. व्यासपीठावरून मारलेल्या टोमण्याला उत्तर देता येत नाही, म्हणून तो न्यायालयातल्या दाव्यापेक्षा खोल लागतो. यावर जुना उपाय साधा आहे. उतारा बोलणाऱ्याने निवडू नये, वर्षभराच्या ठरलेल्या वाचनक्रमातून यावा. तयारी दोघा-तिघांनी मिळून करावी, त्यात पाळक असावा आणि एक तरी बाई असावी. उपासनेनंतरच्या आठवड्यात त्या उपदेशावर बोलणे व्हावे, आणि ते बोलणे पाळकाच्या उपदेशालाही तितकेच लागू असावे. करिंथच्या मंडळीला सांगितलेली पारख ती हीच.

शेवटी मुद्दा उरतो तो सत्तेचा. रविवारचा उपदेश मंडळीत वाटला, पण जमीन, पैसा, नेमणुका आणि शिस्तीचे निर्णय मात्र दोन-चार माणसांच्या मुठीत राहिले, तर ती वाटणी फक्त श्रमाची झाली. सभासदांनी राबायचे आणि इतरांनी ठरवायचे, ही रीत मिशनच्या काळातल्या पगारी उपदेशकाला चांगली ओळखीची होती. उलट, मतदानाचा हक्क सगळ्यांना दिला आणि वचन उलगडण्याचा अधिकार एकाच दीक्षिताकडे ठेवला, तर मंडळी सहकारी संस्थेसारखी चालते. तिची वार्षिक सभा होते, हिशेब मंजूर होतात, पण आपण इथे का जमलो हे बोलून दाखवणारा एकच आवाज उरतो, आणि त्याची बदली झाली की तोही जातो.

सातारच्या बाजूने आलेल्या काँग्रिगेशनल रीतीने मराठी मंडळीला हे शिकवले की मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. सांगलीच्या बाजूने आलेल्या प्रेसबिटेरियन रीतीने शिकवले की उभे राहणाऱ्याची परीक्षा झाली पाहिजे, आणि परीक्षा घेणाऱ्यांत पाळकांबरोबर साधे सभासदही असले पाहिजेत. कीर्तनाच्या गादीने हे दोन्ही आधीच आपल्या भाषेत सांगून ठेवले होते. मान गादीचा, निवड गावाची, आणि जाण श्रोत्यांची. या तिन्हींपैकी श्रोत्यांची जाण वाढवण्याचे काम सर्वांत मागे पडले आहे. ते पाळकाला एकट्याने होणार नाही, आणि त्याच्यावाचूनही होणार नाही.